डोमाभाऊच्या डबीतला पांढरा कापूस

डोमाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी एकोडीच्या बाजारात वांग्यांचा भाव पाडत होतो. पलीकडून त्याचा मुलगा "मास्तर, बाबा गेले जी" एवढंच म्हणाला, आणि मी "हो… हो…" म्हणत राहिलो. वांगीवाली तराजू भरत राहिली. घरी येऊन पिशवी उघडली तर चार किलो वांगी. दोन माणसांच्या घरात! बायकोने पुढचे चार दिवस दुसरं काही रांधलं नाही, यावरूनच काय ते समजा.

मी गणिताचा मास्तर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी डोमाभाऊच्या गावच्या शाळेत लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात चूल पेटवताना अख्खी काडेपेटी संपवली, वर रॉकेल ओतलं आणि अर्धी मिशी जाळून घेतली. धूर पाहून गाव जमा झालं. गर्दीतून एक उंच, काळा, धानाची शेती करणारा माणूस पुढे आला, माझ्या उरलेल्या मिशीकडे बघत म्हणाला, "मास्तर, चूल पेटवाची होती का शाळा?" हा डोमाभाऊ. त्या दिवशी त्याने मला चूल पेटवून दिली आणि नंतरची तीसेक वर्षं माझी फजिती गावभर सांगितली. दोन्ही कामं त्याने प्रेमाने केली.

धान रोवून झालं की त्याला जंगल बोलवायचं. पावसाळ्यात सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारे भुईफोड आळंबे, उन्हाळ्यात मोहफुलं. मीही मागे मागे जायचो, बहुतेक वेळा चप्पल तुटलेली. त्याच्या कमरेला तंबाखूची एक चपटी डबी असायची. तिच्यात तुटक्या कानशीचा बोटभर तुकडा, नाल्यातली धारदार गारगोटी, सालईच्या राळेचे दोन खडे, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि बूच लावलेली बांबूची नळी. काडी ओली झाली की मेली, म्हणायचा, हे मरत नाही. गारगोटीवर नळीतला कापूस अंगठ्याखाली असा दाबून धरायचा की मला तो कधी नीट दिसलाच नाही, आणि कानस तिरपी ओढायचा. एक ठिणगी कापसात शिरायची आणि लाल डोळा उघडायची. मग तो कापूस सुक्या गवताच्या घरट्यात ठेवून हळू फुंकर… ज्वाळ आली की आधी राळ, लाकूड ओलं असलं तर ट्यूब. त्याच्या हाताला हे सगळं चार मिनिटांत जमायचं. माझ्या हाताला एकदा रक्त आलं, आग नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायलाच हे लिहायला बसलो आहे.

माझी बदली कधीच एकोडीला झाली होती, पण काही वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. तो गाई बांधायला गेला होता. खिडकीत डबी दिसली, नळी उघडली, तर आत काळंकुट्ट, जळकं काहीतरी. मला वाटलं, बिचाऱ्याचा कापूस जळून गेला. शेजारच्या टोपलीत सावरीचा नवा कापूस होता, पांढराशुभ्र. मी नळी स्वच्छ पुसली, जळकं उकिरड्यावर टाकलं, नवा कापूस भरला. म्हटलं, मास्तर, आयुष्यात एक काम तरी निगुतीने केलंस!

दुसऱ्या दिवशी जंगलात आभाळ फाटलं. पुढून नाला चढला, मागून तलावाचा सांडवा सुटला आणि आम्ही दोघे अंगणाएवढ्या टेपाडावर अडकलो. पाणी चारी बाजूंनी वर येत होतं, जागा लहान होत होती. डोमाभाऊची छाती आधीच नाजूक. तो थरथरायला लागला, श्वासाची शिट्टी ऐकू येऊ लागली. खडकाच्या आडोशाला सुकं गवत सापडलं, त्याने डबी काढली. कानस मारली. ठिणग्या छान पडत होत्या. कापसावर पडायच्या आणि विझायच्या. वीस वेळा, तीस वेळा…

मग त्याने नळी डोळ्यांजवळ नेली.

"मास्तर, हा तं पांढरा हाय जी. जाळाचाच राह्यला." सावरीचा कापूस आधी अर्धवट जाळून काळा केल्याशिवाय ठिणगी धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. "मीच भरला काय असा?"

माझ्या तोंडाशी खरं आलं होतं. त्याचे ओठ निळे पडले होते, मला भीती वाटली, लाज वाटली. मी म्हणालो, "भरला असशील."

"इसरलो," तो म्हणाला. कानस डबीत ठेवली. "चाळीस वरीस नाई इसरलो, आज इसरलो."

दिवस मावळता मावळता लोकांनी दोर टाकून आम्हाला काढलं. पंधरा दिवस तो तापात होता. उठला तो जंगलाकडे पाठ करूनच. मी आग्रह केला तर म्हणाला, "नाई जी. जंगलात इसरभोळ्याचं काम नाई. कोनाचा जीव जाईन." अंगणात बाजेवर बसून समोरची झाडी बघत राहायचा, कुंपणातल्या बैलासारखा. मी दर महिन्याला खरं सांगायचं ठरवून जायचो. बसमध्ये वाक्यं पाठ करायचो. तिथे वैनी, म्हणजे डोमाभाऊची बायको, गरम भजी ठेवायच्या, मी भजी खाऊन परत यायचो. जितके दिवस गेले तितकं सांगणं जड झालं. टेपाडावरून लोकांनी मला काढलं खरं… पण दर महिन्याला पाणी थोडं थोडं वर येतच होतं.

तेरवीनंतर काही आठवड्यांनी गेलो. वैनी एकट्याच होत्या. खोलीचं दार त्यांनी आतून लोटलं तेव्हा मागची बाजू दिसली. खडूने लिहिलेल्या ओळी. डोमाभाऊ दर भेटीत माझ्याकडून खडू मागून घ्यायचा, मला वाटायचं नातवासाठी. 'मोटर बंद. गाईले पानी. गोळी जेवल्यावर. चाबी खुटीले.'

"रोज सकारी वाचे जी, शाळेतल्या पोरावानी," वैनी म्हणाल्या. "इसरत तं काहीच नवता. पन भेव बसला होता त्याले."

सगळ्यात खाली, पुन्हा पुन्हा गिरवून जाड झालेली ओळ होती: 'इसरलो तं मास्तरले विचारजो.'

मी खाली बसलो. आणि सांगितलं. उकिरडा, टोपली, नळी, 'भरला असशील', सगळं. पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही.

वैनींनी दारावरच्या त्या शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"मंग त्याले काहून नाई सांगतलं जी, मास्तर?"

दारावर लिहिलं होतं तसं त्यांनी मलाच विचारलं.