शालूबाईंच्या हाती कासरा

शालूबाई वानखडेंना गाडी लागायची. अशीतशी नाही, भातकुलीच्या स्टँडवर एसटी नुसती घरघरली तरी त्यांच्या पोटात ढवळायला लागे. आणि नशिबाची थट्टा बघा, नवरा मिळाला तो एसटीचाच ड्रायव्हर! धर्मपालने सारं वऱ्हाड पालथं घातलं नि बायको अमरावतीच्या पुढे सरकली नाही. त्यावर त्याचं एकच पालुपद असे, "मनाचे खेळ आहेत सारे. मनाले घेतलं नाई तं काई होत नाई."

रिटायर झाल्यावर त्याने हौसेने शाळेची एक जुनी व्हॅन घेतली. बाकं काढून पलंग बसवला, शेगडी ठेवली, पाण्याची टाकी चढवली, खिडक्यांना पडदे लावले. नदीकाठची जुनी गावं बघायची, तिथेच मुक्काम करायचा, असा बेत. शालूबाई हरखून गेल्या. कौंडण्यपूरला वर्धेचं पात्र कसं दिसतं, बाळापूरचा किल्ला दोन नद्यांच्या संगमावर कसा उभा आहे, हे नवऱ्याच्या तोंडून ऐकत त्यांनी जन्मभर भाकरी थापल्या होत्या. आता ते डोळ्यांनी बघायचं होतं.

कौंडण्यपूरला निघाले, तर कुऱ्ह्याच्या अलीकडूनच परत फिरावं लागलं. बाळापूरला निघाले, तर बडनेरा ओलांडेपर्यंतच शालूबाई पांढऱ्याफटक पडल्या. धर्मपालने घरी येऊन किल्ली खुंटीला अडकवली.

"इकून टाकतो गाडी. गिऱ्हाईक आलं आहे."

शालूबाईंना रडू आलं, पण त्यांनी ते गिळलं. त्यांना बापाची बैलगाडी आठवली. तिच्यातही मागे बसलं की त्यांना मळमळायचं. मग बाप पुढे बोलावून कासरा हाती द्यायचा, की सारं शांत.

"इकू नका," त्या म्हणाल्या. "मले चालवाले शिकवा."

धर्मपाल पोट धरून हसला. "या वयात? लोकं काय म्हनतीन?"

"लोकाइले गाडी लागत नाई, मले लागते."

तो शिकवेना, तेव्हा बाईंनी अमरावतीतला ड्रायव्हिंग क्लास गाठला. जातायेता एसटीत पिशवी तोंडाशी धरायची, स्टँडवर चूळ भरायची आणि मधला तासभर स्टीअरिंग धरायचं. त्या तासात मात्र पोटातलं पाणी हलत नसे. शिकवणारा पोरगा "काकू, क्लच! काकू, क्लच!" ओरडून दमला, पण काकू दमल्या नाहीत. पहिल्या परीक्षेत रिव्हर्स घेताना नापास झाल्या. दुसऱ्या वेळी लायसन्स घेऊनच घरी आल्या.

धर्मपालने खुंटीवरची किल्ली काढून त्यांच्या हाती दिली. गिऱ्हाइकाला नकार कळवून तो मुकाट्याने डाव्या बाजूला बसला. आयुष्यात पहिल्यांदाच. शालूबाईंनी गाडी बाळापूरच्या रस्त्याला लावली आणि त्याचे पाय नसलेला ब्रेक दाबू लागले. "हळू... ट्रक आहे... गियर बदल!" मूर्तिजापूर मागे पडलं तसा त्याचा आवाजही पडला. बाईंनी तिरक्या नजरेने पाहिलं. नवऱ्याच्या कपाळावर घाम होता आणि रुमाल तोंडावर.

"शालू, थांबव वं. मले कसंतरीच होऊन राह्यलं."

कडुनिंबाखाली गाडी थांबली. धर्मपाल उतरला आणि रस्त्याच्या कडेला वाकून मोकळा झाला. शालूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तोंडावर पाणी मारलं. बोलायला जिभेवर बरंच आलं होतं. पण हा त्रास कसा असतो ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यांना त्याची खरोखर कीव आली.

"वापस घे गाडी," तो कण्हत म्हणाला. "चाबी दे, मी चालवतो."

त्यांनी पदराच्या गाठीतून काहीतरी सोडलं. धर्मपालने हात पुढे केला. हातात लिंबू पडलं.

"नाकाले लावा. खिडकी उघडी ठेवा अन् लांब पाहा," शालूबाई म्हणाल्या. "बाळापूर आल्याबिगर आता चाबी भेटत नाई."

धर्मपालने लिंबू नखाने खरवडून हुंगलं.

"इतकं होत होतं वं तुले? अन् मी मनाचे खेळ म्हनत गेलो."

"चढा," त्या म्हणाल्या. डोळे भरून आले होते, पण रस्ता दिसायला हवा म्हणून त्यांनी ते पदराने कोरडे केले आणि गाडी सुरू केली. धर्मपाल लिंबू नाकाशी धरून निमूटपणे डाव्या बाजूने चढला.