पाठीचं चिलखत

रविवारी दुपारी कॉम्प्युटरवरच्या लढाईत माझा रोबो नेहमीसारखा टेकडीवर उभा होता. बंदुकीच्या दुर्बिणीत शत्रूचा एक रोबो लंगडत जाताना दिसला. मी नेम धरला, तेवढ्यात त्याचा जोडीदार मागे वळला आणि त्याला पाठीशी घालून माझ्या नेमासमोर उभा राहिला. कोण कुठले खेळाडू, पण माझं बोट थबकलं.

या खेळात रोबोवर किती वजन लादायचं याला मर्यादा असते. लांब पल्ल्याची जड बंदूक हवी, तर कुठलं तरी चिलखत उतरवावं लागतं. मी पाठीचं उतरवलं, कारण मागे दादाचा रोबो असायचा. दादा नाशिकला, मी कोल्हापुरात. हेडफोनमध्ये त्याचा आवाज यायचा, "तू समोर बघ गं. मागचं मी बघतो."

लांबचा नेम धरणाऱ्याला जवळचं काही दिसत नाही. दादाचा खोकलाही मी त्याच हेडफोनमधून कित्येक महिने ऐकला. विचारलं की म्हणायचा, "धूळ आहे गं." आणि मी समोर बघत राहायचे.

ते दोघे अजून दुर्बिणीत होते. माझ्या पाठीवर कुणीतरी मारा केला आणि पडदा काळा झाला.

नव्या डावाआधी सामान बदलता येतं. हलकी बंदूक घेतली, तर पाठीला चिलखत बसतं. दादा जाऊन वर्ष होत आलं. मी काही बदलत नाही. पाठ तशीच उघडी ठेवून पुन्हा टेकडी चढायला लागते.