विलायती दारूजोगी वडी

त्या साली जिल्ह्याच्या साहेबांचा दौरा आमच्या गावच्या आमराईत उतरला, तेव्हा माझे मालक मोमिनाबादच्या कोठडीत होते. गुन्हा एवढाच, की ऐन ज्वारीच्या पेरणीत बैल वेठीला देणार नाही म्हणाले. सरकारी सामान ओढायला बैल दिले तर पेरायचं कशानं, असं त्यांनी शिपायाला तोंडावर विचारलं. कोठडीत त्यांना ताप भरला. दीर आणि सासूबाई भाकरी घेऊन तिकडेच जाऊन राहिले होते. दिरानं सांगावा धाडला, "वैनी, दादाला उठून बसता येईना. सायबाचे पाय धरा, न्हाईतर मानूस हाती लागत न्हाई."

साहेबांपर्यंत जायचं तर खानसाम्याच्या हातापाया पडावं लागे. पडले. पण तोच मेला कपाळाला हात लावून बसलेला. रोज जेवण झालं की साहेबांना लाल विलायती शराब लागे आणि तिच्याबरोबर चॉकलेटचा तुकडा. चॉकलेटचा डबा रॉकेलच्या पिंपाशेजारी बांधून आणला होता. उन्हानं सगळं पातळ झालं आणि वास लागला.

"साब कू चाकलेट नै मिली तो गुस्सा करते, फिर किसी की नै सुनते," तो म्हणाला. "तुम कुछ बना देव. सुबू साब फिर्याद सुनते, सबसे पहले तुमकू खडा करतूं."

माणूस मरायला टेकलाय आणि मी मिठाई करत बसू? पण दुसरं काय होतं माझ्या हातात? डब्याच्या कोपऱ्यातलं, वास न लागलेलं थोडं त्यानं मला चाखायला दिलं. आधी कडू, मग गोड, आणि तुपासारखं विरघळणारं. घरी येऊन मी चिंचोके काळे होईस्तोवर भाजले, सोलून दळले, वस्त्रगाळ केले. गुळाचा पाक केला, तूप आणि खवा घातला. वडी छान झाली. खानसाम्यानं ती खाऊन वर शराबेचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "शराब खट्टी लगरी," म्हणाला. त्यानं वाटीभर शराब माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, चाखल्याशिवाय जमायचं नाही.

आमच्या घरात दारूचं नाव काढलं तरी चूळ भरायचे. मी डोळे मिटले, मालकांचं तोंड आठवलं आणि घोट घेतला. जांभळासारखी तुरट लागली. मग कळलं, गोड जास्त झालं की ती आंबट होते. गूळ निम्मा केला, पाक करपायला आला तेव्हा उतरवला, चिंचोक्याचं पीठ वाढवलं. एक तुकडा, एक घोट, पुन्हा एक तुकडा. घशाखाली उतरणाऱ्या प्रत्येक घोटाला मी देवाला म्हणत होते, पाप माझ्या माथी मार, त्यांना सोड. दिवेलागणीला वड्या तंबूत गेल्या.

वडी जमली, नको तेवढी जमली. साहेब बाटली संपवूनच उठले आणि सकाळी ऊन चढलं तरी जागे झाले नाहीत. फिर्यादी ऐकायची वेळ टळली. गावातले सगळे बाप्ये सामान वाहायला पुढं हाकलले गेले. आमराईत उरलो मी, खानसामा आणि साहेबांचा मुन्शी. साहेब आले ते थेट घोड्याकडे.

खानसामा शब्दाला जागला. त्यानं मला पुढं केलं. साहेब हसले. "बहुत खूब! क्या चाहिए?"

"मालकाला सोडा, सायब. मोमिनाबादेत हायेत. तापानं मरायलेत वो."

साहेबांनी मान डोलावली. मुन्शीनं कलम काढली. "आदमी का नाम?"

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी त्यांचं नाव कधी ओठावर आणलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं बजावलेलं. आणि इथं तर आयुष्याचाच धागा तुटायला आलेला. उखाणा आठवायला गेले, तोही आठवेना.

"हेच ते... ज्यांनी बैल दिले न्हाईत..."

"अरे, बैलवाले बहुत पडे हैं. नाम बोलो, नाम!"

खानसामा कुजबुजला, "बोलो ना, अम्मा." त्याला तरी कुठं ठाऊक होतं! माझे ओठ हलले, आवाज फुटला नाही. साहेब मोठ्यानं हसले, नवऱ्याचं नावही माहीत नाही म्हणाले आणि घोड्याला टाच दिली. मुन्शीनं कलम कानावर खोचली.

साहेब, मुन्शी आणि खानसामा, तिघांचे घोडे ओढ्यापलीकडे गेले आणि मेली माझी जीभ सुटली. मी त्यांचं नाव घेतलं. आधी हळू, मग ओरडून, बापाच्या नावासकट, आडनावासकट, धुरळ्यामागं पळत. ऐकायला कोणी नव्हतं.

त्याच आठवड्यात दीर आणि सासूबाई परत आले. सासूबाई गाडीतून उतरल्या आणि माझ्या हातातल्या बांगड्या फोडायला लागल्या.