भागीकाकीने खरवडलेला खडक

माझ्या पदवीसाठी मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या शेजारच्या भागीकाकीचा. आजही बाजारात कालवांचा खारट वास आला की ऐंशीच्या दशकातली रत्नागिरीची ती ओहोटी आठवते.

बीएस्सीच्या प्रकल्पासाठी मी खडकावर लाकडी चौकट ठेवून आतले जीव मोजत असे. वही द्यायला आठवडा उरला होता, आणि त्या दिवशी पाहतो तर माझ्या खडकाला शिंपल्यांसारखी चिकटलेली सगळी कालवं काकीने विकायला कोयतीने काढलेली.

"काकी, माझं वर्ष बुडवलंस."

"रडतोस काय मेल्या? कालवं दाट बसली की दुसऱ्या कुणाला जागा देतात काय? गेल्या साली मी खरवडलेला तो पलीकडचा खडक बघ जा."

मी चौकट तिकडे नेली. कालवांच्या खडकावर माझ्या वहीत तीनच जाती होत्या. इथे शंख, शिंपले, खेकडे, शेवाळं धरून अकरा भरल्या. गुडघाभर पाण्यात मी एकटाच हसत उभा राहिलो. तेव्हा वाटलं, वर्ष वाचलं. आज वाटतं, माझं शिक्षण तिथे सुरू झालं.

निकाल लागला तेव्हा मी मुंबईत होतो. तिथून पत्र टाकलं: "काकी, पहिल्या वर्गात पास झालो. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, कालवं काढली की बाकीच्या जाती वाढतात, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं."