विद्यापीठाच्या सरांचा वारंगुळा

माणसानं दिवसाला किती प्रश्न विचारावेत याची सरकारनं काही हद्द घातली असती, तर आमचे विद्यापीठाचे सर जन्मभर जेलात राहिले असते. आणि तिथंही त्यांनी जेलरला विचारलं असतं, की बाबा, कुलूप बाहेरूनच काहून लावता? हा 'काहून' त्यांना आमच्याच भागानं दिला. पहिल्यांदा आले तेव्हा ते 'का बरं' म्हणायचे. पण गावात दोन-चार मुक्काम काय झाले, 'काहून' त्यांच्या तोंडात जो शिरला तो परत निघालाच नाही. एस्टीत कंडक्टरला विचारलं, पेन्सिल कानावरच काहून ठेवता? कंडक्टर म्हणाला, "खिशात ठिवली की तुमच्यासारखे मागून नेतात." सरांनी अशी मान डोलावली, जसा काही कीर्तनातला अभंगच ऐकला. वसमतच्या बाजारात एका मिरचीवालीशेजारी ते दुपारभर बसून राहिले. माप झाल्यावर ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरून एक मूठ टाकायची, ती काहून टाकते, एवढंच त्यांना पाहिजे होतं. शेवटी ती म्हणाली, "भाऊ, तू आधी ऊठ. तुला पाहून गिऱ्हाईक पळून राहिलं, वाटून राहिलं मापाचा सायबच आलाय."

दिसायला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखे, अंगावर नेहमी पांढरा सदरा. हळदीच्या मुलखात पांढरा सदरा घालून फिरणाऱ्या माणसाला मी तरी शहाणा म्हणणार नाही. एकदा काढणीच्या दिवसांत आमच्या रानातून तसेच पिवळे होऊन परत गेले, तर घरमालकिणीनं दारातच विचारलं, "लग्न कुठं ठरलं?" हे सर आम्हाला हसत हसत सांगायचे, पण माझी बायको हसायची नाही. तिनं बाईमाणसाच्या पद्धतीनं सगळं काढून घेतलं होतं. सर विद्यापीठात तात्पुरत्या नोकरीवर होते. प्रबंध पुरा होऊन पदवी मिळाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती, आणि नोकरी कायम झाल्याशिवाय एक पोरगी त्यांना मिळणार नव्हती. पोरीचा बाप थांबला होता. पण बाप किती थांबणार? तेव्हापासून बायकोनं त्यांना 'सर' म्हणणं सोडलं आणि 'लेकरू' म्हणायला लागली. ते तिला मावशी म्हणायचे, मला तात्या.

त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आमचा वारंगुळा. आता वारंगुळा म्हणजे काय, तर आज तुम्ही सगळे माझ्या रानात, उद्या मी तुमच्या रानात. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. भाकरी तेवढी रानवाल्यानं घालायची. आमच्या टोळीत गावातली घरं होती, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती. यात अभ्यास करण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलं नाही. पण सरांना ते कोडंच वाटायचं. वसमतला रोजगार मिळत असताना माणूस फुकट दुसऱ्याच्या रानात काहून जातो? गणपतला विचारलं, तर तो म्हणाला, "घरी बायको बोलते म्हून." तांड्यावरच्या सीताबाईला विचारलं, तर म्हणाली, "तात्याच्या बायकोची आमटी चांगली असते." मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "सर, काम करू द्या, न्हाईतर कुदळ धरा."

त्यांनी खरंच धरली. तो दिवस गावात कोणी विसरला नाही. हळद खणताना कुदळ गड्ड्यापासून वीतभर लांब मारायची असते. सरांची नेमकी गड्ड्यावर. त्यांच्या ओळीत निघालेली हळद पाहून गणपत म्हणाला, "चला, कापायचं काम तरी वाचलं." संध्याकाळी हाताला फोड, पाठ वाकडी, सदरा पिवळा, पण सर असे खुशीत, की नवरदेवसुद्धा नसतो. बायकोनं त्यांना वाढता वाढता सांगितलं, "लेकरा, आज तुजा दिवस धरला बरं. आमची टोळी तुज्याकडं एक दिवस येनार." सर म्हणाले, "मावशी, मला कुठंय शेत?" ती म्हणाली, "शेत न्हाई, पर काम तं असंल?" त्यांना वाटलं थट्टा आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

पुढं प्रबंध लिहून झाला. सर पेढे न आणता नुसते हात जोडून सांगायला आले, की आता तोंडी परीक्षा आहे, बाहेरून मोठे परीक्षक येणार, ती झाली की पदवी. कोणालाही बसून ऐकता येतं, असंही बोलून गेले. बायकोनं एकच विचारलं, "म्हंजे तो तुजा कामाचा दिवस हाय का?" सर म्हणाले, "मावशी, आयुष्यातला सगळ्यात मोठा." झालं. सरांची एस्टी फाट्यावरून हलली नसेल, तोवर तिनं टोळीला निरोप धाडले. मी म्हटलं, "अगं, तिथं खुरपायचं न्हाई का खणायचं न्हाई, तू करनार काय?" म्हणाली, "बसू. परीक्षेत मान्सं नकोत व्हय? लेकरू एकटं कसं बोलंल?"

तर आम्ही गेलो. भाकरीचं गाठोडं, सीताबाईचा आरशांचा घागरा, गणपतचं लग्नातलं धोतर. विद्यापीठाच्या शिपायाला वाटलं मोर्चा आहे, त्यानं आधी विचारलं, "निवेदन कोणाला द्यायचंय?" हॉलात खुर्च्या रिकाम्या, मागं दोन-चार विद्यार्थी जांभया देत. आम्ही पुढची ओळ भरून टाकली. सर बोलायला उभे राहिले, आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, की हसावं का रडावं हे कोणीतरी त्यांना सांगायला पाहिजे होतं.

चांगले बोलले. गणपत मध्ये मध्ये 'बराबर' म्हणत होता, त्याला मी कोपर मारलं. आणि शेवटाला सरांनी सांगितलं, की मजुरी आली, यंत्रं येताहेत, लोकांचा एकमेकांवरचा भरोसा कमी झाला, त्यामुळं या भागातला वारंगुळा आता संपल्यात जमा आहे.

माझ्या बायकोचा कानात बोलण्याचा आवाज तीन रानं ओलांडून जायचा. तिनं मला विचारलं, "अवो, हा काय म्हनून राहिला? संपला म्हंतो? मंग आपन कशाला आलोत?"

परीक्षकांनी चष्मा काढला. मोठा सभ्य माणूस. म्हणाले, "आजी, काही सांगायचंय का?" तिनं पदर ओढून घेतला, "न्हाई जी, तुमचं चालू द्या." मग त्यांनी सरांना विचारलं, "ही मंडळी कोण?"

आता इथं कोणीही म्हणालं असतं, गावाकडचे नातेवाईक आहेत. मी मनात म्हणत होतो, म्हण रे बाबा, मामा-मावशी म्हण. पण सर ते सर. त्यांनी आमच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या वारंगुळ्याला आलेत, सर. माझा एक दिवस यांच्याकडं होता."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "मग संपला कसा?"

यावरही काही उत्तर देता आलं असतं. शिकलेल्या माणसाला शंभर देता येतात. सरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हो. मला पुन्हा पाहावं लागेल."

मला उठून त्यांच्या कानाखाली दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. पदवी थांबली. शेवटचं प्रकरण पुन्हा अभ्यास करून लिहा, असा हुकूम झाला. पोरीच्या बापानं त्याच उन्हाळ्यात तिला दुसरीकडं दिलं. ही बातमी आली त्या दिवशी माझी बायको जेवली नाही. म्हणाली, "मदत कराया गेलो आन लेकराचं वाटोळं करून आलो." दुसऱ्या आठवड्यात सर बॅग घेऊन दारात उभे. तिनं तोंड झाकून घेतलं, तर म्हणाले, "मावशी, काहून रडता? खोटं लिहून पास झालो असतो, ते वाचवलंत तुम्ही. आता मला पुरा हंगाम इथंच ठेवून घ्या." ठेवून घेतलं. हंगामभर सर आमच्या टोळीबरोबर या रानातून त्या रानात हिंडले. कुदळ शेवटपर्यंत गड्ड्यावरच पडायची. पण प्रबंध नव्यानं झाला. वारंगुळा अजून जिवंत आहे, असं त्यात लिहिलं, आणि पुढं त्याचं पुस्तकही छापून आलं. पदवी मिळाली, नोकरी लागली, उशिरा का होईना लग्न झालं. सून पाया पडायला आली तेव्हा माझ्या बायकोनं ठेवणीतलं लुगडं तिच्या ओटीत घातलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तो लई विचारंल. समद्याचं उत्तर देऊ नको."

मग बऱ्याच वर्षांनी माझी बायको गेली. छातीत कळ आली म्हणाली, मी पाणी आणायला वळलो, तेवढंच. त्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

त्या साली हळद काढायला मी ट्रॅक्टरवाल्याला गुत्तं दिलं, ठरलेले पैसे घे आणि रान मोकळं कर. सगळं गाव देतच होतं. वारंगुळ्याचं नाव कोणी काढलं नाही, आणि माझा स्वभाव असा, की मला कोणी काही विचारायला येत नाही. पुढच्या साली काढणीच्या आधी सर आले. बराच वेळ तिच्या फोटोपुढं बसले. केस पांढरे झाले होते. निघताना चप्पल घालत म्हणाले, "तात्या, एक नवा पोरगा आलाय आमच्या विभागात. त्याचा अभ्यास सांगतो, की वारंगुळा या भागात कुठंच उरला नाही. माझं पुस्तक चुकलं, असं त्यानं लिहिलंय. हुशार पोरगा आहे. आपल्याकडं आहे ना हो अजून?"

मी तोंडावर खरं बोलणारा माणूस. त्यापायी सोयरे तुटले माझे. पण त्या चपलेच्या अंगठ्यात त्यांचा पाय जाईना, तो मी पाहत होतो. म्हटलं, "हाय की. यंदा माज्याच रानात हाय."

"मग निरोप द्या," सर म्हणाले. "मी येतो."

आता आली का तकलीफ? मी तांड्यावर गेलो. सीताबाई म्हणाली, "तात्या, गुडघे गेले माजे. आन भाकरी कोन करील?" मी म्हटलं, "मी." ती म्हणाली, "तुमच्या हातची भाकर? ती तं कुदळीनंच फोडावी लागंल." पण हो म्हणाली. गणपतकडं तीनदा जावं लागलं. त्याच्या पोराला वाटलं मी उसने पैसे मागायला येतोय. दुसऱ्या एका दारात तर मी नुसताच उभा राहिलो, कारण बोलायला सुरुवात कशी करायची तेच मला ठाऊक नव्हतं. चार-दोन म्हातारी माणसं जमली शेवटी. ठरल्या दिवशी सर आले, पांढऱ्याच सदऱ्यात. आम्ही खणलं थोडं, कण्हलो जास्त. सीताबाईनं माझी भाकरी दाताखाली धरून डोळे मिटले आणि म्हणाली, "बिचारी सुटली." सगळे हसले. मीही हसलो, तिच्यानंतर पहिल्यांदा.

दिवस कलताना सर माझ्या ओळीत सरकले. कुदळीकडं पाहत हळूच म्हणाले, "तात्या, गणपतमामा बोलून गेले. तुम्ही घरोघर गेलात म्हणून हे झालं. नाहीतर झालं नसतं."

मी म्हटलं, "सर, त्यो आपूआप कवा झालाय? ती बी घरोघरच जायची."

सरांनी कुदळ पुन्हा उचलली. बांधापर्यंत दोन ओळी उरल्या होत्या. बाकी रान दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला काढणारच होता, त्याला इसार दिलेला होता. पण त्या दोन ओळी आम्ही अंधार पडायच्या आत हातानंच काढल्या.