दोस्त नावाचा खेळाडू

परतूरच्या एका शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. पोरांचे शब्द काही केल्या पाठ होईनात, म्हणून मी एक ऑनलाइन खेळ सुरू केला. स्क्रीनवर चित्र येतं, त्याचा इंग्रजी शब्द झटपट लिहायचा. संध्याकाळी मी वर्गाच्या ग्रुपवर कोड टाकायची आणि मुलं घरून, आईबापाच्या फोनवर खेळायची.

एकदा मुलांच्या नावांत ‘दोस्त’ असं नाव दिसलं. कुणीतरी गंमत करतंय, म्हणून मी सोडून दिलं. पण तो रोज यायला लागला. स्वतः शब्द क्वचितच लिहायचा. या खेळात दुसऱ्याला टाळ्या पाठवता येतात. दोस्तच्या टाळ्या जायच्या त्या एकाच मुलीला. वर्गात मान खाली घालून बसणारी, पण खेळात सगळ्यांच्या पुढे असलेली मुलगी.

वर्गातलं कुणी तिच्या मागे लागलंय, की बाहेरचं कुणी, अशी शंका मला यायला लागली. वर्गातल्या मुलांना एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. सगळे नाही म्हणाले आणि मला सगळेच खोटं बोलतायत असं वाटत राहिलं. शाळेचं नेट दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडेही मी संशयानं बघितलं. मुलीला विचारलं, तर ती रडायलाच लागली.

“मला न्हाई माहीत, मॅडम. घरी सांगू नका, पप्पा फोनच बंद करतील.”

तिचं रडणंही मला खरं वाटेना. मुख्याध्यापक म्हणाले, “खेळ बंद करा. उद्या काही झालं तर?”

शेवटी मी तिच्या वडिलांना बोलावलं. ते मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, बियाण्याच्या दुकानात कामाला होते. मुलीसमोरच त्यांना सगळं सांगितलं. ते भडकतील, अशी माझ्या मनाची तयारी होती. पण ते खुर्चीत नुसते चुळबुळले.

“मॅडम, तो दोस्त मीच.”

“तुम्ही? पण कशाला?” मी विचारलं.

“पोरी मोबाइलवर काय करून राह्यल्या, त्यांच्याशी कोण बोलतं, ते बघायला आल्तो. हिच्या आईच्या फोनवरून कोड घेतला. मंग ही बराबर उत्तरं द्यायली, तर राहवलं न्हाई.”

माझा जीव भांड्यात पडला. मुलगी मात्र लालबुंद झाली होती.

“म्हंजे पप्पा, तुमचा माझ्यावर भरोसा न्हाई?”

“जमाना खराब हाय, बेटा.”

“मंग टाळ्या कशाला पाठवल्या?”

तिच्यावर शंका तर मीही घेतली होती.

त्यानंतर मी ग्रुपवर कोड टाकणं बंद केलं आणि तो वर्गातच सांगू लागले. काही दिवस ती खेळलीच नाही. मग एकदा तास संपल्यावर माझ्याकडे आली. “मॅडम, पप्पांना येऊ द्या. पण त्यांच्या सोताच्या नावानं.”

ते खेळात आले आणि सगळ्यांत शेवटी राहिले. मी मात्र अजूनही खेळ सुरू करण्याआधी एकेक नाव वाचते. एखादं ओळखीचं वाटलं नाही, तर थांबते.