न्हाणीचा कातळ

आमच्या गावामागच्या उघड्या सड्यावर, त्या खडकाळ पठारावर, एक खोलगट कातळ आहे. पावसाळा सरला तरी त्यात पाणी राहतं. गवत कापून परतणाऱ्या बायका तिथे हातपाय धूत, म्हणून तो न्हाणीचा कातळ. माझी संध्याकाळची जागा. तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसलं की माझ्या पोटात दुखतं.

मग कुणीतरी तो फोनवरच्या नकाशावर टाकला, आणि ऐकण्यात चूक होऊन लिहिलं, ‘नानीचा कातळ’. आता गाड्या येतात. लोक पाण्यात फुलं सोडतात, नानींना हात जोडतात आणि नकाशावर लिहितात, ‘फार पवित्र जागा.’ चूक दुरुस्त करायला मी कितीदा बोट पुढे नेलं. पण खरं नावही यांनाच देऊन टाकायचं? बोट मागे घेतलं.

काल माझ्याच दगडावर बसलेल्या एका बाईंनी विचारलं, “अहो, या नानी कोण हो?”

“माझी पणजी,” मी म्हणून गेले.

“अय्या!” त्यांनी फोन काढला आणि तिथल्या तिथे लिहून टाकलं.

घरी येऊन मी नकाशा उघडला. न्हाणी कायमची बुडाली होती, आणि बुडवली मीच. पण खरं सांगू? कातळ एकदाचा माझ्या नावावर झाला.